मागची सीट

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाला दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे नोटा मोजताना बोलू नये, आणि दुसरी म्हणजे कुणालाही जामीन राहू नये. कर्जदार पुढे बसून गाडी हाकतो, जामीनदार मागे बसून देवाचं नाव घेतो. हँडल त्याचं, हाडं आपली. उभ्या आयुष्यात मोटारसायकलच्या मागच्या सीटवर न बसण्यामागे माझं हेच बँकिंग होतं.

त्यातून आम्ही पडलो ठाकुर्लीकर. डोंबिवली आणि कल्याण या दोन दांडगट भावांच्या मध्ये अंग चोरून बसलेलं आमचं स्टेशन. जलद लोकल भोंगा वाजवत निघून जाणार आणि आम्ही धिम्या गाडीची वाट पाहणार. वेग ही वस्तू आम्ही फलाटावरूनच पाहिलेली.

पण एका रविवारी मेगाब्लॉक आला, कल्याणला भाचीचा साखरपुडा आला, रिक्षावाल्यांना भाव आला, आणि कन्या म्हणाली, "बाबा, बसा मागे. मी नेते." नोकरी लागल्या लागल्या तिनं हप्त्यावर मोटारसायकल घेतली होती. त्या कर्जाला जामीन कोण, हे सुज्ञ वाचकांनी ओळखलं असेलच.

मी कॉमर्सचा पदवीधर. अटी वाचल्याशिवाय सही करत नाही. १९८८चा मोटार वाहन कायदा म्हणतो, चालकामागे एकच माणूस, आणि हेल्मेट दोघांनाही. १९८९च्या नियमांत तर मागच्याला धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं मागचं चाक झाकणारं आवरण, एवढं सगळं आहे. जामीनदाराची इतकी काळजी आमच्या कर्ज खात्यानं कधी घेतलेली नाही!

उरलेल्या अटी कन्येनं तोंडी सांगितल्या. "डावीकडून चढा, उजवीकडे सायलेन्सर तापतो. वळणावर मी झुकेन तेवढंच झुका. आणि बाबा, ब्रेक मी लावणार आहे. तुम्ही पाय दाबत बसू नका."

नव्वद फुटी रस्ता त्या दिवशी मला नऊ फुटी वाटला. वळणावर गाडी झुकली की शरीर म्हणतं, तू उलटीकडे रेल. पण मागच्यानं उलट वजन टाकलं तर ते पुढच्याला सावरावं लागतं. म्हणजे दोघांनीही नोंद एकाच बाजूला करायची! ही हिशेबाची पद्धत बी. कॉम.ला नव्हती.

मग पत्रीपूल आला. ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल २०१८ साली पाडला आणि नवा २०२१ साली खुला झाला. खाली रूळ निवांत पडले होते. समोर पाहावं तर कन्येची पाठ, दुसरं काही दिसेना. एके काळी मी हिला सायकलच्या दांडीवर बसवून बालवाडीत नेत असे. वाटेत ती कावळे मोजायची. मी नीट चालवतोय की नाही, हे तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. जामीन नाही, तारण नाही, नुसती बसायची.

मी कडी सोडली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरलात, बाबा?"

"छे गं. तू चालव."

साखरपुडा आटोपला तेव्हा ब्लॉक संपला होता. मेव्हणे म्हणाले, "भावजी, ठाकुर्लीची लोकल आहे. स्टेशनवर सोडू?"

मी हेल्मेट शोधू लागलो.