विसापूरचं पठार

हिंजवडी म्हटलं की संगणकाच्या कंपन्या आणि गाड्यांची रांग, एवढंच डोळ्यांपुढे येतं. म्हातोबाच्या बगाडाचं हे गाव आता उंच इमारतींमागे दडलंय. तिथल्या मैत्रिणी "एका दिवसात कुठं जाऊन येता येईल?" म्हणून विचारतात, तेव्हा मी विसापूर सांगते. शेजारचा लोहगड सगळ्यांना ठाऊक. २०२५ साली तो जागतिक वारसा यादीतही गेला. विसापूर मात्र मागेच राहिला, आणि एका परीनं बरंच झालं!

आकुर्डी किंवा चिंचवडहून लोणावळा लोकल धरावी नि मळवलीला उतरावं. भाजे गावातून चढ लागतो. वाटेतली लेणी चुकवू नका. बावीस आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. त्यांत एक बाई वाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. पुढं गायमुख खिंडीत उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर.

विसापूर साडेतीन हजार फुटांहून उंच, लोहगडापेक्षा थोडा वरचढच. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला. मग लोहगडाचा निभाव लागला नाही. वर गेलं की कारण आपोआप कळतं, लोहगड अगदी अंगणात ठेवल्यासारखा दिसतो. माथा म्हणजे नुसतं माळरान. पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा, लांबच लांब तटबंदी आणि वारा. पदर सांभाळता सांभाळता पुरेवाट होते, तेव्हा सलवार-कमीजच बरी. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी फुलते आणि सगळं पठार पिवळं होतं.

आता पावसाळ्याचं. गुलमर्गला लोक हौसेनं बर्फावर घसरतात. आपल्याकडे शेवाळावर नको असताना घसरतात. विसापूरच्या एका वाटेवर पायऱ्यांवरूनच ओढा वाहतो. फोटोत फार गोड दिसतो तो! आम्ही चौघीजणी एका जुलैत तिथवर गेलो. पाणी पोटरीच्या वर होतं आणि खालचा दगड दिसत नव्हता. बरोबरच्या थोरल्या वहिनींनी काठी टेकली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "फिरा मागे." वर चढणारी पोरं हसली. एकीचं तोंड एवढंसं झालं, कारण घरातून हा एक दिवस मिळवायला तिला महिना लागला होता. पण फिरलो. लेण्यांत बसून दशम्या आणि दाण्याची चटणी खाल्ली. ऑक्टोबरात पुन्हा गेलो, तेव्हा त्याच पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या.

आणखी एक. पावसाळ्यातला रविवार टाळा. २०२३ च्या जुलैत लोहगडच्या पायऱ्यांवर इतकी गर्दी झाली, की माणसं तासन् तास अडकून पडली. विसापूरवर गर्दीपेक्षा धुक्याचं भय जास्त. पठार एवढं सपाट, की दहा पावलांवरची सोबतीण दिसेनाशी होते. अशा वेळी तटाची भिंत एका हाताला ठेवून चालावं, म्हणजे कड्याकडे भरकटायला होत नाही. चपला नकोत, खाचांच्या तळाचे बूट हवेत. पाणी माणशी दोन लिटर घ्यावं, टाक्यांतल्या पाण्यावर विसंबू नये. आणि वर आडोसा असा नाही बरं का, तेव्हा त्याची सोय खाली गावातच विचारून घ्यावी. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहीत नाहीत.

गुडघे दुखणाऱ्या सासूबाई बरोबर असतील तर विसापूरचा हट्ट नको. त्यांना लेण्यांपर्यंतच न्या. पायऱ्या आहेत, पण बसत-उठत जमतं. आमच्या सासूबाई त्या नाचणारीसमोर अर्धा तास बसल्या. "हिच्या कमरेचा पट्टा बघ," म्हणाल्या, "माझ्या आईकडं अस्साच होता."