पाच मिनिटं

कॉलेजात असताना ऑर्वेलची '१९८४' वाचली तेव्हा मी अर्थातच विन्स्टन होते. हुकूमशाहीवरची कादंबरी वाचणारा बहुतेक प्रत्येक जण विन्स्टनच होतो. घराघरांतल्या त्या टेलिस्क्रीनचं वायरिंग कुणी केलं असेल, हा प्रश्न इंजिनिअरिंगला असूनही मला पडला नव्हता.

तो पडला येवगेनी झाम्यातिनच्या 'आम्ही'मुळे. ही कादंबरी '१९८४'च्या पुष्कळ आधीची, १९२०-२१च्या सुमाराची. झाम्यातिन स्वतः जहाजबांधणीचा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये, न्यूकॅसलला, रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांवर देखरेख करत होता. त्याचा निवेदक डी-५०३ हाही इंजिनिअरच, राज्याचं अंतराळयान बांधणारा. माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची. पडदे ओढायचे तर गुलाबी कूपन लागतं. उठणं, कामाला लागणं, जेवणं सगळं एका तक्त्याप्रमाणे. घास किती वेळा चावायचा तेही ठरलेलं: पन्नास. आणि डी-५०३ यात सुखी आहे! त्याला हे सगळं एखाद्या नीट सुटलेल्या समीकरणासारखं सुंदर वाटतं. कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा अमेरिकन टेलर त्याला प्राचीन काळातला सगळ्यांत थोर माणूस वाटतो.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं.

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही कॉल सेंटरसाठी एक डॅशबोर्ड बनवत होतो. माउस किंवा कीबोर्ड काही वेळ हलला नाही की त्या माणसाची पट्टी लाल व्हायची. तो 'काही वेळ' किती, हे स्पेसिफिकेशनमध्ये नव्हतं. मी ३०० सेकंद लिहिलं. पाच मिनिटं. का, तर आकडा गोल होता. कोड रिव्ह्यूत कुणी विचारलं नाही. क्वेरी मात्र आधी नऊ सेकंद घ्यायची, ती मी एका सेकंदाच्या आत आणली होती. त्याबद्दल टीमने पार्टी दिली.

पुढच्या दिवाळीत मावसबहीण भेटली. ती नाशिकला घरून कस्टमर केअरचं काम करायची. "पाणी प्यायला उठले तरी मिनिटं जातात गं," ती म्हणाली. "मग काय, एका हाताने माउस हलवत जेवते." आणि हसली. तिच्याकडचं सॉफ्टवेअर आमचं नव्हतं, निदान मी तसं धरून चालले. "तुझं काय काम असतं नक्की?" तिने विचारलं.

"डॅशबोर्ड बनवते," मी म्हटलं, आणि चकली घेतली.

कंपनी म्हणजे राज्य नव्हे, हे मला कळतं. ताई नोकरी सोडू शकत होती, आणि वर्षभराने तिने सोडलीही. डी-५०३च्या शहराभोवती भिंत आहे. झाम्यातिन तरुणपणी बोल्शेविक होता, त्यापायी झारच्या तुरुंगातही गेला होता. पण क्रांतीनंतरच्या राज्यात हे पुस्तक छापायला मनाई झाली. १९२४मध्ये ते इंग्रजीत, न्यूयॉर्कला निघालं. सोव्हिएत रशियात छापून यायला १९८८ उजाडलं. देश सोडायला त्याला १९३१मध्ये थेट स्टालिनला पत्र लिहून परवानगी मागावी लागली. ती मिळाली, हेच नवल. १९३७मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. या सगळ्याच्या शेजारी माझा डॅशबोर्ड ठेवणं म्हणजे जरा उगाच नाटक, हेही कबूल.

तरी पुस्तक परत उघडलं ते शेवटासाठी. डी-५०३ बंडखोर आय-३३०च्या प्रेमात पडतो, डळमळतो, यान बंडवाल्यांच्या हाती देण्यापर्यंत जातो. मग त्याच्यावर शस्त्रक्रिया होते. डोक्यातला कल्पनाशक्तीचा भाग क्ष-किरणांनी जाळून टाकतात. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांची नावं सांगतो आणि आय-३३०चा छळ शांतपणे बघत बसतो. मला हादरवलं ते यानं की आधीचा आणि नंतरचा, दोघांचं गद्य सारखंच नीटनेटकं आहे.

ती नोकरी सोडून मला तीन वर्षं झाली. जाताना हँडओव्हरच्या कागदात त्या ३०० बद्दल एक ओळ लिहायची होती: आकडा अंदाजाने टाकला आहे, बदलता येईल. इतर सगळं लिहिलं. ती ओळ राहिली.