एकाच एप्रिलचे सोबती

परदेशांतील नोकरीविषयीं बोलतांना पगार, घरभाडें आणि हवापाणी यांचीच चौकशी बहुधा होते. परंतु नवख्या माणसाचा पहिला महिना जिच्यावर तरतो किंवा बुडतो, ती गोष्ट निराळीच असते. कामाचे तास संपल्यावर आपण कोणाबरोबर बसतों, ही ती गोष्ट होय. जपानांत नोकरीस लागल्यावर आम्हांस हें फार लवकर कळून आलें.

त्या देशांत सरकारी वर्ष १८८६ पासून एप्रिलांत सुरू होतें, शाळाहि एप्रिलांत उघडतात, आणि बड्या कंपन्यांत नव्या पदवीधरांचा मेळावा त्याच सुमारास एकदम दाखल होतो. प्रवेशाचा समारंभ होतो. काळ्या पोशाखांतील तरुण रांगेनें बसतात. अध्यक्षांचें भाषण होतें. त्या दिवशीं जे एकत्र आले ते एकमेकांचे ‘दोकी’ झाले. ‘दो’ म्हणजे तोच, आणि ‘की’ म्हणजे काळ. आपल्याकडे एका गुरूच्या शिष्यांना गुरुबंधु म्हणतात. तेथें गुरूचें काम तारीखच करते.

या नात्याचें मोल कळण्यास जपानी भाषेची थोडी ओळख पाहिजे. मराठींत तूं, तुम्ही आणि आपण एवढ्यावर विनय भागतो. जपानींत क्रियापदच बदलावें लागतें. ‘खाणें’ हें साधें ‘ताबेरु’. वडीलधारा खातो तेव्हां ‘मेशिआगारु’. आणि आपण नम्रपणें खातों तेव्हां ‘इतादाकु’. वर्षभर आधीं लागलेला तो ‘सेन्पाई’, मागून आलेला तो ‘कोहाई’. तोंड उघडण्यापूर्वीं समोरच्याची पायरी मोजावी लागते. दिवसभर अशी मोजदाद करून शिणलेल्या जिभेला दोकींच्या घोळक्यांत मात्र मोकळीक असते. तेथें सारेच एका पायरीवर, आणि सारेच सारखे अज्ञानी.

आमच्या मेळाव्यांत नऊ जपानी, दोन व्हिएतनामी आणि आम्ही दोघे मराठी असे तेरा जण होतों. पहिल्याच शुक्रवारीं सारे स्टेशनाजवळच्या ‘इझाकाया’ नांवाच्या खानावळवजा मद्यगृहांत गेलों. तेथें आपला पेला आपण भरावयाचा नसतो. शेजाऱ्याचा आपण भरावा आणि आपला शेजाऱ्यानें. आम्हां न पिणाऱ्यांच्या पेल्यांत ऊलाँग चहा पडला, पण तोहि दुसऱ्याच्याच हातून. भाजीच्या ताटलीवर आमच्या शाकाहारी सोबत्याचा हात थबकला. कारण रस्सा ‘दाशी’चा, आणि दाशींत बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. अडचण उमगतांच शेजारच्या मुलीनें पदार्थांची यादी हातीं घेतली आणि एकेक जिन्नस वाढप्याला विचारून पाहिला. अखेर सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा आणि भात एवढ्यावर त्याची पंगत उरकली. तिचें इंग्रजी आमच्या जपानीइतकेंच अधू होतें. तथापि बिल सारखें वाटून घेण्याची वेळ आली, तेव्हां त्याचा वाटा कमी व्हावा म्हणून तिनें केवढा वाद घातला!

तोक्योच्या पूर्वेस एदोगावा विभागांत निशिकासाई म्हणून वस्ती आहे. सन २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठीं आलेल्या अनेक भारतीयांनीं तेथें बिऱ्हाडें केलीं. डाळी, मसाले आणि आपलीं माणसें तेथें मिळतात. २०१९ सालीं तर भारतांत जन्मलेले योगेंद्र पुराणिक त्या विभागाच्या सभेवर निवडून आले. दर सायंकाळीं तेथें जाऊन पोटभर मराठी बोलावें हा मोह स्वाभाविक आहे, आणि आम्ही त्यास कमी लेखीत नाहीं. मातृभाषेंत हंसल्यावांचून आठवडा काढणें कठीणच. परंतु जो केवळ तेथेंच रमतो, तो पांच वर्षांनींहि त्या देशाचा पाहुणाच राहतो. निशिकासाई कोठें पळून जात नाहीं. दोकींचा घोळका मात्र शिक्षणाचे पहिले आठवडे संपले कीं ओसाका, फुकुओका, साप्पोरो असा पांगतो. तोंवर जो त्यांत बसला तो त्यांचा झाला. पुढें कोणी वर चढेल, कोणी मागें राहील. पण एकमेकांशीं बोलतांना त्यांना क्रियापद बदलावें लागणार नाहीं.

मुलांना परदेशीं धाडणाऱ्या आईबापांनीं लोणच्याच्या बरण्या अवश्य बांधून द्याव्या. पण पहिल्या महिन्यांतील एकहि आमंत्रण नाकारूं नकोस, हेंहि सोबत सांगावें.