इंजिन नुसतं रंगवून जपलं जात नाही

मध्यंतरी नातवाला घेऊन नेरळला गेलो होतो. वरसे गावातून रोहा स्टेशन, तिथून मेमूने पनवेल, मग एसटीने कर्जत आणि पुढे लोकल. माथेरानची गाडी सुटायला वेळ होता, म्हणून त्याला तिथं उभं केलेलं जुनं वाफेचं इंजिन दाखवायला नेलं. त्याने भोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "आबा, हे चालवायचं कसं?"

साधा प्रश्न. पण हे आता कोण सांगणार, असं मनात आलं.

माझी उमर धाटावच्या एमआयडीसीत बॉयलरवर गेली. त्यामुळे त्या इंजिनाकडे बघताना मला आधी त्याचं पाणी आठवतं. आमचे जुने फोरमन म्हणायचे, "आधी पाणी बघ, मग आग बघ." बॉयलरमधलं पाणी खाली गेलं आणि भट्टीचं छत उघडं पडलं, की ते तापून मऊ होतं. मग स्फोट ठरलेला. कारखान्यातला बॉयलर निदान जागेवर सपाट उभा असतो. माथेरानच्या घाटात चढ आहे वीसला एक. म्हणजे दहा फूट लांबीच्या बॉयलरमध्ये एका टोकाचं पाणी दुसऱ्यापेक्षा सहा इंच वर! वर वळणं, धक्के, आणि एका हातात कोळशाचं फावडं. गेजच्या काचेत दिसणारं पाणी खरं किती, हे त्या फायरमनला मार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर ठाऊक असावं लागे. हे कुठल्या पुस्तकात शिकून येत नाही.

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1904 मध्ये या मार्गाचं काम हाती घेतलं आणि 1907 मध्ये गाडी माथेरानला पोचली. दोन फूट रुंदीचा रूळ, सुमारे 21 किलोमीटरचा घाट. त्यासाठी जर्मनीच्या ऑरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची चार इंजिनं आणली. प्रत्येकाला सहा चाकं. टोकाच्या चाकांचा आस पोकळ, त्याच्या आत दुसरा आस आणि मध्ये गोल सांधा. म्हणून वळण आलं की ती चाकं थोडी वळायची, बाजूला सरकायची. वाटेत पाणी भरायचं ठिकाण म्हणून एका स्टेशनचं नावच 'वॉटर पाईप' पडलं. ते आजही आहे. ही इंजिनं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राबली, मग डिझेल आलं.

आज त्या चारांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. एक पार इंग्लंडमध्ये लेटन बझर्डला पोचलं. तिथली छोटी रेल्वे हौशी लोक स्वतःचा वेळ देऊन चालवतात. आपल्याकडे अलीकडे एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप दिलं. दिसतं छान, पोरं खूश होतात, माझी तक्रार नाही. पण तो पोशाख झाला. आतलं कसब त्यात नाही.

2005 च्या पावसात हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, 2007 मध्ये पुन्हा उभा राहिला. 2019 मध्ये परत बंद पडला, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये परत सुरू झाला. रूळ पुन्हा टाकता येतात. पण तेव्हा पंचविशीत असलेला फायरमन आज सत्तरीला टेकलाय. तो गेला की त्या घाटातलं पाणी आणि आग सांभाळायची विद्या त्याच्याबरोबर गेली. ती कुठून परत आणणार?

दार्जिलिंग ते घूम आजही वाफेची गाडी धावते. तिथं इंजिन टिकलं, कारण ते पेटवणारे, उघडून दुरुस्त करणारे हात टिकले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. एक, उघड्यावरच्या इंजिनावर छप्पर हवं. कोकणातला पाऊस लोखंडाला काय करतो ते आपल्याला सांगायला नको. दोन, शेजारी मराठीत नीट फलक हवा: कधी आलं, कसं चालायचं, कोण चालवायचं. आणि तीन, सगळ्यात घाईचं. या मार्गावर वाफेच्या काळात काम केलेले ड्रायव्हर, फायरमन, फिटर, खलाशी हयात असतील, तर त्यांना बोलतं करा. मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे. तासभर बसा, रेकॉर्ड करा. कोळसा कसा पसरायचा, कुठल्या वळणावर रेग्युलेटर किती उघडायचा, उतरताना ब्रेक कसा धरायचा, सगळं विचारा. कर्जत-नेरळकडच्या तरुणांनी तर हे कराच.

नातवाला मी माझ्या बॉयलरवरून जमेल तेवढं सांगितलं. पण घाटातलं मला माहीत नाही, मी कारखान्यातला माणूस. ज्यांना माहीत आहे ते तुमच्या घरात, आळीत असतील. त्यांना विचारा, आणि त्यांच्या परवानगीने खाली कमेंटमध्ये लिहा. मी वाट बघतोय.