अंधारात संपणारं स्तोत्र

परवा नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही रोज तीच तीच स्तोत्रं का वाचता? अजून पाठ नाही झाली?" जन्मभर मुलांकडून पाठांतर करून घेतलेल्या मास्तरला हा प्रश्न! हसलो, पण विचारात पडलो.

पत्नी गेली त्या वर्षी माझी प्रार्थना आटली होती. संध्याकाळी घरात जपमाळ व्हायची, ओठ हलायचे, मन मात्र रुसलेलं. देवाशी भांडावंसं वाटे. पण लहानपणापासूनची शिकवण अशी, की देवापुढे हात जोडावेत, आवाज चढवू नये.

एका रात्री बायबल उघडलं आणि ८८वं स्तोत्र समोर आलं. १५० स्तोत्रांत गाऱ्हाणी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचा शेवट आशेवर होतो. १३वं स्तोत्रच घ्या, ते गाऱ्हाण्याने सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. ८८वं मात्र अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रातून कुणी गाळलं नाही. उलट आपल्या चर्चने दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते ठेवलं आहे. शुक्रवार म्हणजे प्रभू येशूच्या मरणाचा वार.

तेव्हा उमगलं, भांडण हीसुद्धा प्रार्थनाच. ऐकणारा कुणी आहे, हे धरूनच तर माणूस गाऱ्हाणं घालतो! त्या रात्री मोठ्याने वाचलं, रडलो, आणि कित्येक महिन्यांनी शांत झोपलो.

नातीला एवढंच म्हणालो, "बाळा, भात रोज तोच असतो, भूक रोज नवी लागते."

असो. आज शुक्रवार. वाचायचं आहे.