पहिला घाणा

आमच्या घरांतील पंगतीचा क्रम कोणी लिहून ठेविलेला नाहीं. पण तो कोणी मोडल्याचेंहि मला आठवत नाहीं. आधीं मुलें, मग पुरुषमंडळी व पाहुणे, आणि त्यांचीं पानें उचलल्यावर बायका. कान्ह्याला आम्ही दोघे भाऊ आईसह अद्याप एकत्र राहतों, चूल एकच. घरांत गॅस आला, मिक्सर आला, सुनांच्या नोकऱ्या आल्या. पंगतीचा क्रम मात्र जेथल्या तेथें राहिला. तो योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत पडला नव्हता, हें कबूल केलेलें बरें. पडला तो इंदूरच्या एका रस्त्यावर, रात्रीं अकराच्या सुमारास.

गेल्या माघांत आत्याच्या नातवाची मुंज होती. लोकलनें पुणें गाठून तेथून इंदूरच्या गाडीनें आम्ही नऊ माणसें गेलों. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. त्या दरबाराच्या आश्रयानें तेथें स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकीं आत्याचें सासर एक. मुंज पार पडली आणि दुसऱ्या दिवशीं रात्रीं आत्यानें फर्मान काढलें, "आज चूल बंद. सगळ्यांनीं सराफ्यांत चला."

"या वयांत मला दागिने कशाला हो, वन्सं?" आई घाबरून म्हणाली.

आईची समजूत अगदींच चुकीची नव्हती. सराफा हा राजवाड्याजवळचा सोन्याचांदीचा बाजार. दिवसा तेथें तोळ्यामाशाचा हिशेब चालतो. पण रात्रीं पेढ्या बंद झाल्या कीं त्यांच्याच पायऱ्यांसमोर शेगड्या पेटतात, कढया चढतात, आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाहीं. रात्रीं माणसांची वर्दळ असली म्हणजे दुकानांना आयतीच राखण होते, म्हणून सराफांनींच या मंडळींना आसरा दिला, असें तेथील लोक सांगतात.

पहिल्यानें भुट्ट्याचा कीस घेतला. कोवळीं कणसें किसून तो कीस तुपावर परततात, दुधांत शिजवितात आणि वर खोबरें, कोथिंबीर व लिंबू घालतात. पुढें साबुदाण्याची खिचडी; पण ती आपल्यासारखी परतलेली नव्हे. वाफेवर ठेविलेला मोकळा साबुदाणा आयत्या वेळीं मसाला घालून कालवून देतात. दादानें शिकंजी मागविली, तों लिंबाच्या सरबताऐवजीं सुका मेवा घातलेलें घट्ट दूध पुढें आलें! जलेबा तर असा कीं एकानेंच सारी ताटली भरावी; मुलांनीं तो चौघांत वांटून घेतला.

या सगळ्या गडबडींत आई काय करीत होती, तिकडे माझें लक्ष उशिरानें गेलें. तिच्या हातीं आलेला प्रत्येक द्रोण ती न चाखतां पुढें देत होती. आधीं नातवंडांना, मग दादाला, मग मला. फिरून तिच्याकडे द्रोण येई तेव्हां त्यांत तळाशीं उरलेला, गार झालेला घासभर पदार्थ असे.

शेवटीं आम्ही गराडूच्या कढईपाशीं आलों. गराडू हा कोनफळासारखा कंद. माळव्यांत तो थंडीच्या दिवसांतला मेवा. त्याचे तुकडे एकदां तळून ठेवितात आणि गिऱ्हाईक आलें कीं पुन्हां कढईंत सोडून कुरकुरीत करून देतात. विक्रेत्यानें मसाला भुरभुरवून, लिंबू पिळून पहिला द्रोण समोर उभ्या असलेल्या आईच्या हातांत ठेविला. ती संवयीनें मागें वळली. तो म्हणाला, "माताजी, यह आपका है. उनका आ रहा है."

परक्या माणसाचा शब्द मोडवेना म्हणून आईनें एक तुकडा तोंडांत टाकला, आणि ती थबकली. "अगबाई! तळलेलं असं वाजतं होय दाताखालीं!"

आम्ही सारे हंसलों. आत्या तेवढी हंसली नाहीं. ती म्हणाली, "हंसतां काय रे? वहिनींच्या हातचीं भजीं मीं माहेरपणाला पोटभर खाल्लीं. वहिनींना तीं खातांना मीं एकदांहि पाहिलं नाहीं."

मला आमचा मावळांतला पाऊस आठवला. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाहीं, आणि संध्याकाळीं कोणी तरी म्हणतेंच, "आज भजीं होऊं द्या." आई कढईसमोर बसे. घाण्यामागून घाणा बाहेर जाई आणि रिकामी ताटली परत येई. अखेरीस तिच्या वाट्याला चार मऊ पडलेलीं भजीं उरत. "मला मऊच आवडतात," असें ती म्हणे, आणि आम्ही तें इतकीं वर्षें खरें मानीत आलों.

१८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें कांहीं मंडळींनीं चहा घेतला. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे हेहि त्यांत होते. त्यावरून केवढें काहूर उठलें! गाऱ्हाणें शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तें झालीं. कोणी कोठें आणि कोणाच्या हातचें खाल्लें, याचा आपल्या समाजानें एवढा काथ्याकूट केला. घरांत सर्वांच्या मागून कोण जेवतें आणि तिच्यापुढें काय उरतें, याची चौकशी आमच्या घरीं तरी कोणी केली नाहीं. ती करावयास एका गराडूवाल्याला भेटावें लागलें. आणि त्यानेंहि ती चौकशी म्हणून केली नाहीं. त्याच्या कढईपुढें पंगत नव्हती, एवढेंच.

आषाढांत पावसानें जोर धरला तेव्हां दादानें व मीं पदर नसतांहि पदर खोंचला. कांदा दादानें चिरला, पीठ मीं कालविलें. पहिला घाणा उतरला तो आईच्या पाटासमोर ठेविला. तिनें ताटली उचलली आणि नातवंडांकडे पाहिलें.

"आई, हें तुझं," दादा म्हणाला. "आमचं येतंय."

तिनें एक भजें खाल्लें, मग दुसरें. "मीठ कमी पडलंय रे," ती म्हणाली. पण ताटली तिनें खालीं ठेविली ती रिकामी झाल्यावरच.