पाटोद्याची चौथी

'पाटोद्याला चाललेय' असं ऑफिसातल्या कुणाला सांगितलं की दोनच रिअॅक्शन येतात. पहिली : 'अरे वा, ते आदर्श गाव ना? संभाजीनगरजवळचं?' नाही हो, ते वेगळं. ते गाव आहे, हे तालुक्याचं ठिकाण, बीड जिल्ह्यातलं. मग दुसरी रिअॅक्शन : 'तिथे काय आहे?'

तिथे बालाघाट आहे. पुण्याहून नगर, नगरहून जामखेड आणि जामखेडहून एसटी सौताड्याचा घाट चढायला लागली की खिडकीतली हवा बदलते. 'बीड म्हणजे दुष्काळ' एवढंच डोक्यात घेऊन आलेल्या माणसाची इथे जाम गंमत होते, कारण पावसाळ्याच्या शेवटी हे पठार चक्क हिरवंगार असतं. सौताड्याला विंचरणा नदी सरळ दरीत उडी मारते, खाली रामेश्वराचं देऊळ आहे. पायऱ्या उतरताना मस्त वाटतं, चढताना जिमची मेंबरशिप आठवते! लातूरपर्यंत जाणारी मांजरा याच तालुक्यात उगम पावते. आणि ऑक्टोबरात गेलात तर रस्त्याच्या कडेला पाट्यांमध्ये सीताफळं. बीडच्या सीताफळाला जीआय टॅग आहे, आणि एक फोडून खाल्लंत की तो का आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी मात्र सीताफळांसाठी गेले नव्हते. विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री होती आणि तिच्यात उतरणाऱ्या मुलींच्या एका टीमबरोबर मला शनिवार-रविवार काढायचा होता. क्रॉस कंट्री म्हटलं की युरोपातल्या कॉलेजची पोरं स्पाइक्स घालून गवतात-चिखलात पळतात. इथे गवत-चिखलाच्या जागी मुरूम, आणि स्पाइक्सच्या जागी काहींच्या पायात बाजारातले पांढरे कॅनव्हासचे बूट. बाकी खेळ तोच. ट्रॅक नाही, रस्ता नाही, रानातून पळायचं.

हा खेळ तसा कधीच ग्लॅमरस नव्हता. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भर उन्हात ही शर्यत झाली, ३८ जण धावले आणि जेमतेम १५ जण पोचले. त्यानंतर ऑलिम्पिकमधून ती बादच झाली. बरोबर शंभर वर्षांनी, २०२४मध्ये, त्याच पॅरिसमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या फायनलला एक भारतीय उभा होता. अविनाश साबळे, गाव मांडवा, तालुका आष्टी. म्हणजे पाटोद्याच्या शेजारचा तालुका. आईवडील वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटरवर, आणि जायला पाय. बारावीनंतर तो लष्करात गेला, सियाचिनच्या बर्फात राहिला आणि २०१५मध्ये लष्कराच्या क्रॉस कंट्रीत पळायला लागला. स्टीपलचेस त्यानंतरची. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये त्याचं गोल्ड पाच शतांश सेकंदांनी हुकलं, २०२३च्या हांगझोऊ आशियाडमध्ये त्याने ते मिळवलंच.

या मुलींना हे सगळं पाठ आहे. टायमिंगसकट! '८:०९.९१' असं एकीने मला फोन नंबर सांगावा तसं सांगितलं. त्याचं २०२४चं पॅरिस डायमंड लीगमधलं टायमिंग. पण 'तुला अविनाशसारखं व्हायचंय?' असं विचारलं की त्या हसतात. 'नाय ताई. भरती.'

भरती म्हणजे पोलीस भरती. आपल्याकडे पळणं म्हणजे सेल्फ-इम्प्रूव्हमेंट, डिटॉक्स, मॅरेथॉनचं मेडल गळ्यात घालून सोमवारी ऑफिसला जाणं. इथे पळणं म्हणजे कोयत्यातून सुटका. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. परत यायचं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. त्या सहा मुलींपैकी चौघींच्या घरचे त्याच महिन्यात निघणार होते.

गोची अशी की भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं आणि क्रॉस कंट्री असते दहा किलोमीटर. या दोन्ही म्हणजे जवळजवळ दोन वेगळे खेळ. आठशेला स्पीड लागतो, दहाला दम. मग दहा कशाला? त्यांच्या सरांनी सांगितलं, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण असतं, पण त्यासाठी नुसता भाग घेऊन भागत नाही, वरच्या पातळीवरचं पदक लागतं. तिथे पोचायची पहिली पायरी ही. शिवाय सर म्हणाले, 'दहा पळणारीला आठशेची भीती वाटत नाही.' हे मला जास्त पटलं.

शनिवारी दुपारी सगळ्या जणी कोर्स बघायला निघाल्या. दोन किलोमीटरचा लूप, पाच फेऱ्या. चुन्याच्या रेघा, काठ्यांना बांधलेल्या रंगीत चिंध्या, एक ओढा, एक नांगरलेलं रान आणि शेवटी देवळाकडे चढणारी वाट. मी पाणी शोधत होते, त्या जमीन बघत होत्या. इथं मुरूम सुटलाय, इथं डाव्या अंगानं यायचं, इथं ओल आहे, बूट धरील. एकीने चढ पाहून नुसतं 'बरंय' म्हटलं. आपण फ्लॅट बघताना इतक्या बारकाईने बघत नाही!

क्रॉस कंट्रीतला सांघिक हिशोब भन्नाट असतो. जागतिक स्पर्धेत सहा जणी धावतात आणि त्यातल्या पहिल्या चौघींचे क्रमांक धरतात. त्यांची बेरीज करायची, सगळ्यात कमी बेरीज ती टीम विजेती. इथेही तोच नियम. म्हणजे तुमची स्टार पहिली आली तरी तिचा एकच गुण, आणि टीमचं नशीब ठरतं चौथीवर. ही चौथी म्हणजे टीममधली सगळ्यात शांत मुलगी. एफवायला आहे. आईवडील दसऱ्यानंतर निघतात, ती वाडीवर आजीजवळ राहते. दोन लहान भावंडं आणि एक म्हैस, या तिघांचं आवरून पहाटे साडेचारला रस्त्यावर. 'अंधाराची भीती नाही वाटत?' तर म्हणे, 'कुत्र्यांची वाटते.' आणि मग बऱ्याच वेळाने, भाकरी मोडता मोडता, 'आई म्हणती, औंदा तू पण चल. एक कोयता वाढंल.'

याच्यावर कुणीच काही बोललं नाही. सरांनी तिच्या ताटात पिठलं वाढलं. 'चल'चं उत्तर काय द्यायचं ते रविवारवर अवलंबून होतं हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर घरी दाखवायला काहीतरी हातात असतं. नाहीतर दहा किलोमीटर पळून घरात काय येतं, हा आईचा प्रश्न चुकीचा आहे असं मला म्हणता येईना.

रविवारी सात वाजता शर्यत. नेत्यांची भाषणं नव्हती, हे आधी नोंदवते! चाळीसेक मुली, एक शिट्टी, आणि पहिल्याच फेरीत सगळा जथा ओढ्यापाशी दोन वेळा लांबला. अशी शर्यत एका जागी उभं राहून दिसत नाही. बघणाऱ्यालाही बांधावरून धावावं लागतं, आणि मी धावले, ऑफिसवाल्यांच्या लायकीप्रमाणे. तिसऱ्या फेरीत चौथी विसावी होती. चौथ्या फेरीत सतरावी. नांगरलेल्या रानात शहरातल्या कॉलेजच्या मुली डोळ्यांदेखत खचत होत्या आणि ही तासांवरून पाय टाकत, छोटी छोटी पावलं, जशी काही पाण्याची कळशी डोक्यावर आहे. माणमधल्या मोहीच्या ललिता बाबरला २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला दहावी येताना मी टीव्हीवर पाहिलं होतं. माण काय, आष्टी काय, पाटोदा काय, पाऊस कमी पडतो तिथेच दमाचे खेळाडू का पिकतात यावर कुणीतरी नीट लिहायला हवं. 'गरिबीने घडवलं' वगैरे मला पटत नाही. गरिबीने बहुतेकांना फडावर नेलं आहे.

निकाल कागदावर आला. त्यांच्या मुली तिसरी, पाचवी, नववी आणि चौदावी. बेरीज ३१. समोरची टीम पहिली, सातवी, आठवी, तेरावी. बेरीज २९. दोन गुणांनी दुसरा नंबर. तिसरी आणि पाचवी आलेल्या दोघींची विद्यापीठाच्या संघात निवड झाली, चौथीची नाही.

गणित त्यांनी तिथेच, मातीत काडीने मांडलं. चौदावी आणि तेरावी यांची अदलाबदल झाली असती तर दोन्हीकडे ३०. बरोबरी झाली की चौथी कुणाची पुढे ते बघतात. म्हणजे ढाल यांची! शेवटच्या चढावर एकच मुलगी गाठायची होती. चौथीने काडी टाकली आणि बूट काढून त्यातले खडे झाडायला लागली. रडली वगैरे नाही. टीमने तिला काही म्हटलंही नाही, फक्त पहिल्या आलेल्या कॉलेजच्या मुलींबरोबर फोटो काढायला बोलावलं तेव्हा ती पाणी प्यायला गेली.

आता नगरहून बीडपर्यंत रेल्वेही झाली आहे, १७ सप्टेंबर २०२५पासून, आणि वाटेतलं अमळनेर हे स्टेशन पाटोदा तालुक्यातलंच. त्यामुळे 'पोचायचं कसं' हे कारण आता चालणार नाही. मी मात्र एसटीनेच निघाले. स्टॅण्डवर भज्यांचा वास, शेजारी सीताफळांच्या पाट्या, आणि वडापच्या जीपमध्ये मागे दाटीने बसलेली चौथी. जीप भरायची होती म्हणून बोलायला वेळ मिळाला. आईला काय सांगणार, हे मी विचारलं. 'दुसरा नंबर आला म्हणून सांगते. ढाल दिसती तरी,' ती म्हणाली. मग म्हणाली की सरांनी उद्यापासून ८०० मीटरच्या फेऱ्या घ्यायला सांगितल्यात, साडेचारलाच.

जीप सुरू झाली तशी तिने डोकं बाहेर काढलं.

'ताई, शेवटच्या चढाचा फोटो काढलाय ना तुम्ही? तेवढा पाठवा. ती पुढची मुलगी कुठल्या अंगानं चढली ते बघायचंय.'